एकाच उन्हाळ्यातली दोन पुस्तकं

विल्यम वर्ड्सवर्थ २३ एप्रिल १८५० रोजी वारला, तेव्हा त्याची एक दीर्घ कविता अप्रकाशित होती. १८०५ मध्येच ती एकदा पुरी झाली होती, पण पुढे कित्येक वर्षं तो तिच्यावर हात फिरवत राहिला आणि हयातीत ती छापू दिली नाही. त्याच्या पत्नीने तिला ‘द प्रील्यूड’ हे नाव दिलं आणि जुलैमध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच्या काही आठवडे आधी लंडनमध्ये आणखी एक दीर्घ कविता कवीच्या नावाविना बाहेर पडली होती. तिचं नाव ‘इन मेमोरियम’. जिवलग मित्राच्या मृत्यूनंतर आल्फ्रेड टेनिसन सुमारे १७ वर्षं तिचे तुकडे लिहीत होता. वर्ष संपण्याआधी हाच टेनिसन वर्ड्सवर्थच्या जागी राजकवी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’चा शेवटचा हप्ताही वाचकांच्या हाती पडला.

इंग्रजी साहित्याच्या इतिहासात रोमँटिक काळ साधारण १७९८ पासून १८३० च्या आसपासपर्यंत मानतात आणि व्हिक्टोरियन काळ राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीबरोबर, म्हणजे १८३७ ते १९०१ असा धरतात. परीक्षेच्या वह्यांमध्ये या दोघांपुढे दोन रकाने आखलेले असतात. एकीकडे निसर्ग, भावना, कल्पनाशक्ती, व्यक्तिस्वातंत्र्य आणि दुसरीकडे समाज, नीती, वास्तव, श्रद्धा आणि शंका. रकाने खोटे नाहीत. पण एका पिढीच्या अंतराने लेखकांची नजर डोंगरावरून गल्लीकडे का वळली, हे त्यांतून कळत नाही. मला वाटतं, दोन्ही काळांना छळणारा प्रश्न एकच होता. जुना धर्म, जुनी गावं, जुनी राजसत्ता यांचा आधार सुटू लागल्यावर माणसाने जगायचं कशाच्या भरवशावर? रोमँटिक कवींनी उत्तर स्वतःच्या मनात आणि निसर्गात शोधलं. व्हिक्टोरियन लेखकांनी तेच उत्तर तपासून पाहिलं, ते आपल्याला पुरत नाही हे त्यांना कळलं, आणि मग ते दुसऱ्या माणसाकडे वळले.

‘प्रील्यूड’मधला एक प्रसंग पाहा. अल्सवॉटर तळ्याच्या काठी बांधलेली एक होडी लहानगा वर्ड्सवर्थ रात्री गुपचूप सोडतो आणि वल्हवत निघतो. काठापासून तो जसजसा लांब जातो, तसतसा जवळच्या टेकाडामागून एक प्रचंड काळा सुळका वर येऊ लागतो. मुलाला वाटतं, तो जिवंत आहे, पावलं टाकत आपल्या मागे येतोय. थरथरत्या हातांनी तो होडी जागेवर नेऊन बांधतो. पुढे कित्येक दिवस त्याच्या मनात झाडं, आकाश, शेतं यांची ओळखीची चित्रं उरत नाहीत. अवाढव्य अनोळखी आकार तिथे फिरत राहतात. चोरी लहानशीच होती, आणि तिची शिक्षा डोंगराने दिली. वर्ड्सवर्थ आठ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा त्याची आई गेली, तेराव्या वर्षी वडील गेले. आपल्याला या तळ्यांनी आणि डोंगरांनी वाढवलं, हे तो अलंकार म्हणून म्हणत नव्हता. त्याचा त्यावर विश्वास होता.

या विश्वासामागे राजकारणही होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. १७९१-९२ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत, तरुण वर्ड्सवर्थ फ्रान्समध्ये होता. माणूस नव्याने जन्माला येतोय, असं त्या दिवसांत त्याला खरोखर वाटलं होतं. मग पॅरिसमध्ये रक्तपात झाला, १७९३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध जुंपलं, आणि ज्या क्रांतीवर त्याने जीव लावला होता तीच पुढे दुसऱ्यांचे देश जिंकायला निघाली. या काळात तो मनाने पार खचला. त्यातून तो सावरला तो बहीण डोरोथी आणि मित्र कोलरिज यांच्या सहवासात, पायी भटकताना. १७९८ मध्ये वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांनी मिळून काढलेल्या ‘लिरिकल बॅलड्स’ या छोट्या पुस्तकात भिकारी, वेडसर मुलगा, टाकलेली बाई, म्हातारा शिकारी अशी माणसं साध्या बोलीत येतात. क्रांतीने समतेचं जे वचन मोडलं, ते वर्ड्सवर्थने कवितेत पाळून पाहिलं. त्याच्या निसर्गकवितेला नुसती फुलापानांची कविता म्हणणाऱ्यांना ही जखम दिसलेली नसते.

आता टेनिसनकडे येऊ. त्याचा मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये व्हिएन्नात अचानक गेला. वय अवघं २२. टेनिसनच्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. वर्ड्सवर्थच्या शिकवणीप्रमाणे शोकात बुडालेल्या कवीने निसर्गाकडे जायला हवं होतं. टेनिसन गेलाही. पण मधल्या काळात निसर्गच बदलला होता. चार्ल्स लायलचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ हा ग्रंथ १८३० ते १८३३ दरम्यान तीन खंडांत आला होता, आणि टेनिसनने तो मन लावून वाचला होता. पाऊस, वारा, नद्या, भूकंप यांच्या संथ, न थांबणाऱ्या कामातून पृथ्वीचं रूप अफाट काळात घडत आलं आहे, हे लायलने दाखवलं. जिथे आज रस्ता आहे तिथे कधीकाळी समुद्र होता. वर्ड्सवर्थचा तो सुळका मुलाला शिक्षा करू शकला, कारण तो अढळ होता. टेनिसनच्या कवितेत डोंगरच सावल्यांसारखे सरकतात, ढगांसारखे विरतात. जे स्वतःच टिकणार नाही ते मला काय सांभाळणार? त्यातही कड्यांच्या थरांत सापडणारे जीवाश्म सांगत होते, की एकेका जिवाचं सोडाच, जीवजातीच्या जाती नष्ट झाल्या तरी सृष्टीला त्याचं काही नाही. आपल्या मित्राचं पुढे काय झालं, एवढं विचारायला आलेल्या माणसाला हे उत्तर मिळालं. डार्विनचा ग्रंथ यायला अजून नऊ वर्षं होती. व्हिक्टोरियन शंका डार्विनने निर्माण केली असं सर्रास म्हटलं जातं, पण या कवितेची साक्ष काढली तर ती त्याच्या आधीपासूनच मुरलेली दिसते.

‘इन मेमोरियम’मधला मला सर्वांत खरा वाटणारा तुकडा डोंगरात घडत नाही. तो लंडनच्या एका रस्त्यावर घडतो. झोप न लागलेला कवी पहाटे मित्राच्या घरापाशी येऊन उभा राहतो. दार बंद आहे, पाऊस पडतोय, आणि शहराचा दिवस कुणासाठी न थांबता सुरू होतोय. अशा क्षणी रोमँटिक कवीला झरा दिसला असता, पक्षी ऐकू आला असता. टेनिसनपुढे फक्त दार आहे. या कवितेत दिलासा येतो तो फार हळू, आणि घराच्या वाटेने येतो. एकामागून एक येणारे नाताळ त्या कुटुंबात कसे साजरे होतात यावरून शोकाची उतरण मोजली जाते. शेवटी तर चक्क लग्न आहे, कवीच्या दुसऱ्या एका बहिणीचं. डोंगरावरच्या एकट्या साक्षात्काराची जागा सणवाराने आणि मांडवाने घेतली. पती अल्बर्टच्या निधनानंतर राणी व्हिक्टोरियाला याच कवितेने धीर दिला. हजारो सामान्य घरांतही ती तशीच वाचली गेली.

बालपणाचंही असंच झालं. मूल हे निरागस असतं आणि मोठ्या माणसाने हरवलेलं काहीतरी त्याच्यापाशी असतं, ही कल्पना इंग्रजी साहित्यात ठसवली ती रोमँटिक कवींनी. वर्ड्सवर्थचं मूल डोंगरदऱ्यांत मोकळं वाढतं. विल्यम ब्लेकचं मूल मात्र लंडनमध्ये धुराडी साफ करतं. ब्लेकने निरागसतेची गाणी १७८९ मध्ये आणि अनुभवाची गाणी १७९४ मध्ये स्वतःच्या हाताने कोरून, छापून, रंगवून काढली, आणि दोन्हींत काजळीने माखलेली ही मुलं आहेत. अरुंद धुराड्यात शिरता यावं म्हणून चार-पाच वर्षांची पोरं या कामाला विकली जात. ही प्रथा खऱ्या अर्थाने बंद पडली ती १८७५ च्या कायद्यानंतर. म्हणजे ब्लेकच्या पहिल्या कवितेनंतर ८६ वर्षांनी.

मधल्या त्या वर्षांत लेखकाच्या हातात एक नवं साधन आलं होतं, ते म्हणजे सरकारी अहवाल. १८४२ मध्ये खाणींतल्या बालकामगारांविषयीच्या चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर आला. अंधारात एकटी बसून दारं उघडझाप करणारी लहान मुलं, अर्धनग्न अवस्थेत कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुली, हे सगळं साक्षी आणि चित्रांसकट छापलं गेलं. त्याच वर्षी बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवायला कायद्याने बंदी झाली. हे अहवाल वाचून एलिझाबेथ बॅरेटने १८४३ मध्ये ‘द क्राय ऑफ द चिल्ड्रेन’ लिहिली. त्या कवितेतल्या मुलांना कुरणात जाऊन खेळा म्हटलं, तर ती म्हणतात, आम्ही इतकी दमलोय की तिथे गेलो तरी नुसती पडून राहू. निसर्ग आहे, फुलंही आहेत, पण त्यांच्यापर्यंत जाण्याचं त्राण या मुलांत उरलेलं नाही. वर्ड्सवर्थच्या श्रद्धेला याहून अस्वस्थ करणारं उत्तर व्हिक्टोरियन कवितेने दिलेलं मला आठवत नाही.

डिकन्सला हे वाचून कळण्याची गरज नव्हती. १८२४ मध्ये, बारा वर्षांचा असताना, तो टेम्सकाठच्या एका कारखान्यात बुटांच्या पॉलिशच्या बाटल्यांना कागद बांधून चिठ्ठ्या डकवायचं काम करत होता, आणि वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात होते. ही गोष्ट त्याने जगापासून लपवली. तो गेल्यावर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने चरित्रात ती उघड केली. पण तोवर ती ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये वेगळ्या वेषात येऊन गेली होती. डेव्हिडही बालपण आठवतो, वर्ड्सवर्थही आठवतो. वर्ड्सवर्थला आठवणीतून बळ मिळतं. डेव्हिडच्या आठवणीत लाज आहे, भूक आहे, आणि मोठ्या माणसांपैकी कुणीच आपली दखल घेतली नाही याचं आश्चर्य आहे. त्याला वाचवणारा सुळका किंवा तळं नाही. लंडनहून डोव्हरपर्यंत पायी चालून तो पोहोचतो एका तऱ्हेवाईक आत्याबाईच्या दाराशी. मुलाला वाचवायला माणूस लागतो, आणि पुष्कळदा कायदाही लागतो, हे डिकन्सचं आयुष्यभराचं म्हणणं होतं.

श्रद्धेच्या बाबतीत तर दोन पिढ्यांची मनःस्थिती उलटीपालटी झालेली दिसते. १८११ मध्ये रोमँटिक कवी शेलीने नास्तिकतेचा पुरस्कार करणारं पत्रक छापलं आणि ऑक्सफर्डने त्याला काढून टाकलं. वय १८. त्याच्या लेखी ईश्वर आणि राजा एकाच जुलमाची दोन तोंडं होती. ती गेली की माणूस मोकळा होणार होता. मॅथ्यू अर्नोल्डच्या ‘डोव्हर बीच’मध्ये, जी १८६७ मध्ये छापली गेली, श्रद्धा ओसरणाऱ्या समुद्रासारखी मागे हटते आहे, आणि कवीला उघडा पडलेला किनारा तेवढा दिसतो. आता आपण दोघांनी एकमेकांशी खरं राहावं, एवढीच त्याची मागणी उरते. शेलीने जे दार लाथ मारून उघडलं, त्यातून येणाऱ्या गारठ्यात अर्नोल्डच्या पिढीला राहायचं होतं. अर्नोल्डने स्वतः ३५ वर्षं शाळा तपासनीस म्हणून गावोगावच्या शाळा पाहिल्या. श्रद्धा गेली तरी काम सोडायचं नाही, हा त्या पिढीचा स्वभाव होता. जॉर्ज एलियट या नावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन एव्हान्सने १८४२ मध्ये चर्चला जायचं थांबवलं, त्यावरून वडिलांशी मोठा खटका उडाला, आणि पुढे तिच्या कादंबऱ्यांतून इंग्रजीतला सर्वांत कठोर नैतिक विचार झाला. ‘मिडलमार्च’ १८७१-७२ मध्ये आली, पण तिची कथा १८३२ च्या राजकीय सुधारणा कायद्याच्या थोडी आधी घडते. काहीतरी भव्य करायची ओढ असलेली डोरोथिया अगदी रोमँटिक जातीची नायिका आहे. एलियट तिला एका लहान गावात, चुकीच्या लग्नात, शेजारपाजाऱ्यांच्या जाळ्यात ठेवून पाहते, की या ओढीचं इथे काय होतं. तिच्या वाट्याला कीर्ती येत नाही. आजूबाजूच्यांचं आयुष्य तिच्यामुळे थोडं सुसह्य होतं, आणि एलियटच्या हिशेबी हे मोलाचं आहे.

एकट्या माणसाविषयीचा विश्वासही या काळात डळमळला. रोमँटिक कवी बायरनचा नायक समाज नाकारून उभा राहतो, आणि त्याच्या त्या एकटेपणालाच तेज असतं. टेनिसनच्या ‘द लेडी ऑफ शॅलॉट’मधली बाई मनोऱ्यात बसून आरशातलं जग विणते आहे. ती खऱ्या जगाकडे वळून पाहते आणि मरते. कलावंताने एकांतात राहावं की बाहेर यावं, या पेचातून तरुण टेनिसनला सुटका सापडत नव्हती. रॉबर्ट ब्राउनिंगने तर कवितेतल्या ‘मी’वरच अविश्वास दाखवला. ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) मध्ये एक सरदार पाहुण्याला आपल्या दिवंगत पत्नीचं चित्र दाखवत बोलत राहतो, आणि ती कशी मेली असावी हे त्याच्या बोलण्यातूनच आपल्याला उमगतं. वर्ड्सवर्थचा ‘मी’ मन उघडं करतो. ब्राउनिंगचा ‘मी’ लपवायला जातो आणि उघडा पडतो.

पुस्तकं कुणाच्या हाती जात होती, याचाही या बदलात वाटा आहे. ‘लिरिकल बॅलड्स’ची पहिली आवृत्ती ५०० प्रतींची होती. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चे मासिक हप्ते १८३७ मध्ये संपत आले तेव्हा खप ४०,००० च्या आसपास पोहोचला होता. हप्ता एका शिलिंगला मिळे. तीन खंडांची बांधीव कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना पडे, म्हणून ती बहुतेक जण वर्गणीवर पुस्तकं देणाऱ्या वाचनालयातून आणत आणि घरात मोठ्याने वाचत. घरातल्या सगळ्यांसमोर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात काय यावं आणि काय येऊ नये, हे आपोआप ठरत गेलं. ज्याला आपण व्हिक्टोरियन सोवळेपणा म्हणतो, त्याचं मूळ लेखकांच्या स्वभावाइतकंच या बाजारातही आहे. थॉमस हार्डी शतकाच्या शेवटी याच बंधनाशी झगडला आणि ‘ज्यूड’वर (१८९५) उठलेल्या काहुरानंतर त्याने कादंबरी लिहिणंच सोडलं.

रकाने आखणाऱ्यांना अडचणीत आणणारी उदाहरणंही थोडी नाहीत. ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकारासाठी जमलेल्या शांत जमावावर घोडदळ घातलं गेलं. इटलीत ही बातमी कळताच शेलीने ‘द मास्क ऑफ ॲनार्की’ लिहिली, आणि ती इतकी जहाल होती की छापायला १८३२ उजाडलं, शेली वारल्यावर दहा वर्षांनी. समाजाचा विचार व्हिक्टोरियनांनीच केला असं म्हणणाऱ्याने ही कविता वाचलेली नसते. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने (१८१८) तर रोमँटिक महत्त्वाकांक्षेचाच पंचनामा केला. एकटा प्रतिभावंत नवा जीव घडवतो आणि मग त्याला टाकून पळतो. सगळा विनाश त्या टाकण्यातून होतो. जबाबदारीचा हा प्रश्न व्हिक्टोरियनांनी पुढे आपला मानला. उलट बाजूने, ब्राँटे बहिणी लहानपणापासून बायरनवर पोसलेल्या होत्या. १८४७ मध्ये आलेल्या ‘वुदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ त्याच घराण्यातला आहे, तर त्याच वर्षीची ‘जेन एअर’ दोन्ही काळ एका बाईच्या मनात समोरासमोर आणते. रॉचेस्टरवर जेनचं प्रेम आहे, पण त्याची पहिली बायको जिवंत आहे हे कळताच ती पहाटे घर सोडते. तिची वासना आणि तिची सदसद्विवेकबुद्धी दोन्ही सारख्याच प्रखर आहेत, आणि शार्लट ब्राँटे यांपैकी एकीलाही खोटं पाडत नाही. दोन्ही काळांचं सर्वोत्तम एकाच पुस्तकात हवं असेल, तर मी हे पुस्तक सुचवेन.

वर्ड्सवर्थविषयी मात्र मला एका गोष्टीत निराशा वाटते. १८४४ मध्ये त्याच्याच तळ्या-डोंगरांच्या भागातल्या विंडरमिअरकडे रेल्वे न्यायचा बेत झाला, तेव्हा त्याने सुनीत लिहून आणि वृत्तपत्राला पत्रं पाठवून विरोध केला. गिरण्यांतल्या मजुरांना झुंडीने तिथे आणून त्यांचं काही भलं होणार नाही, असाही त्याचा एक मुद्दा होता. डोंगरातल्या गरिबाचं मन ज्याने कवितेत आणलं, त्याला शहरातल्या गरिबाला डोंगर दिसावा असं वाटलं नाही. गाडी १८४७ मध्ये सुरू झाली.

मराठीत या दोन काळांची भेट वेगळ्याच रीतीने झाली. मुंबई-पुण्याच्या शाळा-कॉलेजांत शिकलेल्या पहिल्या काही पिढ्यांपुढे वर्ड्सवर्थ, शेली, टेनिसन आणि इंग्रजी कादंबरी एकदमच आली. इंग्लंडमध्ये ज्या गोष्टींमध्ये एका पिढीचं अंतर आणि बराच मनस्ताप होता, त्या इथे एकाच टेबलावर होत्या. म्हणून केशवसुतांच्या कवितेत रोमँटिक कवीचा दिव्य स्पर्श आहे, आणि ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ आणि ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या कविताही आहेत. एकीकडून दुसरीकडे जायला त्यांना पिढी बदलावी लागली नाही. त्यांचे समकालीन हरिभाऊ आपटे ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने देत होते, डिकन्सच्याच रिवाजाने, आणि तिची निवेदक केशवपनाच्या छळापर्यंत ढकलली गेलेली एक तरुण विधवा आहे. केशवसुतांच्या कविताही ‘करमणूक’मध्ये येत. १९०५ मध्ये ते गेले. त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह पुढे प्रसिद्ध केला तो हरिभाऊंनी.